काटेसाहेबांची पकड

काटेसाहेबांच्या हातून वीस किलोचं सरकारी वजन निसटलं, ते धान्याच्या ठोक बाजारात, भर गर्दीत, आणि तेही ज्या व्यापाऱ्याला काट्यातल्या लबाडीबद्दल ते गेली अकरा वर्षं झापत आले होते नेमक्या त्याच्याच दारात. वजन पायावर पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पाय बरा होतो. ते पडलं पोत्यावर. पोतं फुटलं, दाणे रस्त्यावर पसरले, आणि व्यापारी चिडायचं सोडून लगबगीने खुर्ची घेऊन आला. "बसा साहेब, पाणी घ्या. वय झालं की व्हायचंच असं," तो म्हणाला. शिवी दिली असती तर परवडली असती, असं काटेसाहेबांना पुढे तीन दिवस वाटत राहिलं.

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडायचं, काट्यावर सरकारी वजन ठेवून बघायचं, आणि काटा खोटं बोलला की उचलून न्यायचा, हे त्यांचं काम. संशय घेण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर माणूस तो कार्यालयातच ठेवून घरी येईल अशी अपेक्षा करणं चूक आहे. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचा थर्मामीटर आणि सासऱ्यांनी स्वतः सांगितलेली स्वतःची उंची, यांतल्या कशावरही काटेसाहेबांनी पडताळा घेतल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. सासरे दीड इंचाने कमी भरले होते. पत्नीने त्यावर दोन दिवस अबोला धरला, पण दीड इंच तो दीड इंच.

पोतं फुटल्यावर आठच दिवसांनी परिपत्रक आलं. पन्नाशी ओलांडलेल्या सर्व निरीक्षकांनी बाहेरच्या कामाची शारीरिक क्षमता सिद्ध करावी. दोन्ही हातांत वीस-वीस किलोची वजनं घेऊन, मध्ये खाली न टेकवता, तीस पावलं चालून दाखवावं. जे असमर्थ ठरतील त्यांची नेमणूक अभिलेख कक्षात होईल. मुदत पाच आठवडे.

अभिलेख कक्ष म्हणजे तळघरातली फायलींची खोली. तिथे गेलेल्या माणसाला लोक फक्त किल्ली कुठे आहे हे विचारायला येतात. आणि बाजारात? बाजारात काटेसाहेब कोपऱ्यावर दिसले की सगळ्या रस्त्यावरचे हात चटकन गल्ल्यावरून काट्यावर जात, ताजव्यांवरची धूळ पुसली जाई, लोक उभे राहत. ते उभं राहणं प्रेमाचं नसे हे त्यांना कळत होतं. तरी त्यांना ते आवडत असे. ते गेलं तर आपल्याजवळ काय उरेल, याचीच त्यांना भीती होती.

पण भीतीच्या आधी आला तो संशय. परिपत्रक वाचताक्षणी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पन्नाशीच का? पंचावन्न का नाही? वीस किलोच का? निसटलं तेही वीसच! कार्यालयातल्या वरच्या साहेबांना पोत्याची बातमी कोणी दिली याची त्यांनी एक यादीच केली. त्यात व्यापारी होता, जीपचा ड्रायव्हर होता, आणि बराच विचार करून त्यांनी शेवटी पत्नीचंही नाव पेन्सिलीने लिहिलं.

"माझं नाव कशाला?" पत्नीने यादी वाचून विचारलं.

"तुला सांगितलं होतं मी."

"अहो, मी साहेबांना ओळखतसुद्धा नाही."

"म्हणूनच पेन्सिलीने लिहिलंय."

शेजारी निवृत्त पोस्टमास्तर राहत. निवृत्त माणसाकडे सल्ल्याचा साठा असतो आणि बटवड्याची सवय सुटलेली नसते. "काटेसाहेब, हाताची पकड वाढवायचीय? सोपं आहे. रोज कपडे पिळा," ते म्हणाले. "ओले, जाड कपडे. टॉवेल, चादरी, ब्लँकेट. मी आयुष्यभर शिक्के मारले, पण मनगट आलं ते कपडे पिळून."

दुसऱ्या दिवसापासून घरातलं सगळं धुणं काटेसाहेब गॅलरीत उभं राहून पिळू लागले. पत्नीच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की त्यांना वेगळीच शंका आली, आणि पोस्टमास्तरांचं नाव यादीत चढलं. हे दोघे संगनमताने आपल्याकडून घरकाम करवून घेताहेत! तरी ते पिळत राहिले. चौथ्या दिवशी दोन टॉवेल मधोमध फाटले. पाचव्या दिवशी ओलं ब्लँकेट हातातून निसटलं आणि दोन मजले उतरून खाली कोणाच्या तरी वाळत घातलेल्या गादीवर विसावलं. सहाव्या दिवशी दारावर सोसायटीची नोटीस लागली. तिसऱ्या मजल्यावरून सकाळी सात ते साडेसात या वेळात पाणी, टॉवेलचे तुकडे व पांघरुणे खाली टाकण्यात येत असल्याचे निदर्शनास आले असून, लेखी खुलासा करावा. खाली सही सेक्रेटरींची होती. सेक्रेटरी म्हणजे पोस्टमास्तरच.

"अहो, सल्ला तुमचाच ना!" काटेसाहेब कडाडले.

"सल्ला शेजारी म्हणून दिला," पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले. "नोटीस सेक्रेटरी म्हणून. खुलासा दोन प्रतींत द्या."

शेवटी काटेसाहेब जिममध्ये गेले. प्रवेशाच्या फॉर्मवर 'उद्देश' असा रकाना होता आणि पुढे दोनच पर्याय होते, वजन वाढवणे आणि वजन कमी करणे. त्यांनी दोन्ही खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वजन धरून ठेवणे'. तिथल्या कोचबाई तिशीच्या, ठेंगण्या आणि खांद्याने दणकट. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, एकदा काटेसाहेबांकडे पाहिलं आणि त्यांना आडव्या दांड्याला लोंबकळायला लावलं.

"अकरा सेकंद," कोचबाई म्हणाल्या.

काटेसाहेबांचा त्यांच्या घड्याळावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं घड्याळ घेऊन आले. त्या घड्याळाप्रमाणे ते नऊच सेकंद लटकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी नऊ आकडा वहीत लिहिला आणि घड्याळ परत आणलं नाही.

जिममध्ये एक भक्कम गडी येत असे. जमिनीवरून शंभर किलोचा बार उचलणारा तिथला तो एकटाच, म्हणून सगळे त्याला 'शंभरी' म्हणत. त्याच्या बनियनवरही मागे शंभर हा आकडा छापलेला होता. त्याने काटेसाहेबांना चाळीस किलोच्या बारशी झटताना पाहिलं आणि त्याला दया आली. बाजारापासून काटेसाहेबांना दयेची ॲलर्जी झाली होती.

"काका, हाताला खडूची पूड लावा. घाम सुकतो, दांडा घसरत नाही."

"पूड कसली आहे? पाकीट बघू. निव्वळ वजन छापलेलं नाही यावर."

"मग हे पट्टे घ्या. मनगटाला बांधायचे आणि दांड्याला गुंडाळायचे. बोटं सुटली तरी वजन सुटत नाही."

"म्हणजे लबाडीच की!" काटेसाहेब म्हणाले. पण त्या दिवशी बार सात वेळा निसटला होता आणि मुदतीतले दोन आठवडे उडाले होते. कोचबाई बाहेर गेलेल्या बघून त्यांनी गुपचूप पट्टे बांधले. डावा उजव्या हाताने बांधला. उजवा दातांनी बांधला. बार हलेना म्हणून सोडायला गेले, तर सोडायला हात नव्हते. दोन्ही हात चाळीस किलोला जखडलेले, कंबर वाकलेली, आणि त्याच क्षणी खिशातला फोन वाजू लागला. कार्यालयाची रिंग त्यांनी वेगळी ठेवली होती. शंभरी आला, वाकून फोन काढला आणि त्यांच्या कानाला लावला. काटेसाहेब गुडघ्यात मान घालून साहेबांशी बोलले.

"आवाज असा का येतोय तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"कामात आहे, सर," काटेसाहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण तो दिवस त्यांनी वहीतून गाळला.

त्या रात्री जेवताना त्यांना एकदम उलगडा झाला. तीस वर्षं आपण सरकारी वीस किलो उचलत आलो, एकदाच निसटलं. इथले वीस किलो रोज निसटतात. म्हणजे दोष हाताचा नाही! बारला लावायच्या लोखंडी प्लेटाच जास्त वजनाच्या आहेत. लोकांना लवकर थकवायचं आणि ताकदीच्या पावडरी विकायच्या, असा सरळ डाव! बोटांनी ताटाच्या कडेवर हिशेब करत त्यांनी पत्नीला तो समजावला. ती म्हणाली, "हं." काटेसाहेबांना 'हं' हा दुजोरा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयाचा फिरता काटा घेऊन जिममध्ये हजर झाले. काटा बाहेर काढायचा तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं. त्यांनी 'क्षेत्रभेट' लिहिलं. सगळी जिम भोवती गोळा झाली. काटेसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, वीसची प्लेट उचलून काट्यावर ठेवली आणि चष्मा सारखा करून आकडा वाचला.

सतरा किलो आठशे पन्नास ग्रॅम.

त्यांनी काटा पुसला, शून्यावर आणला, दुसरी प्लेट ठेवली. सतरा किलो आठशे चाळीस. तिसरी, चौथी, सगळ्या एकाच माळेचे मणी. बार वीसचा म्हणून होता, तो अठरा किलो तीनशे भरला. काटेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चोर पकडायला निघावं आणि आपल्याच घरात मुद्देमाल सापडावा, तसं झालं. ज्या चाळीस किलोने त्यांना आठवडाभर घाम फोडला होता ते चाळीस मुळी चाळीस नव्हतेच.

पण त्यांच्यापेक्षा वाईट अवस्था दुसऱ्याची होती. मागून शंभरीचा बारीक आवाज आला. "काका, एक बार आणि चार प्लेटा किती होतात?"

काटेसाहेबांनी आयुष्यात आकडा लपवला नव्हता. "एकोणनव्वद किलो सहाशे ऐंशी ग्रॅम," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. शंभरीने टॉवेल पाठीवरून असा ओढून घेतला की बनियनवरचा आकडा झाकला गेला, आणि तो निघून गेला. बाकीचेही एकेक करून पांगले, कारण प्रत्येकाच्या मनात आपापली वजाबाकी चालू झाली होती. सत्य बाहेर काढल्यावर लोक खूश होतात हा गैरसमज काटेसाहेबांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोडून दिला होता, तरी त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं. त्या पोराने निदान पट्टे तरी दिले होते.

नोंदवहीत क्षेत्रभेट लागली म्हणजे अहवाल देणं आलं. त्यांनी तीन पानी अहवाल लिहून शेवटी विचारणा केली की, सदर वजने जप्त करावीत काय? साहेबांचं उत्तर चार दिवसांनी आलं. 'सदर वजनांनी कोणत्याही मालाची विक्री होते काय? होत नसल्यास कायद्याच्या दृष्टीने सदर वजने ही वजने नव्हेत.' काटेसाहेबांनी ते तीनदा वाचलं. जे उचलता उचलता आपली कंबर गेली, ते कायद्याने अस्तित्वातच नव्हतं.

आता कोचबाई आपल्याला हाकलणार, अशी त्यांची खात्री होती. कोचबाई मात्र त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

"काका, परवा काट्यावर प्लेटा ठेवताना तुम्ही रुमाल का घेतला होता?"

"सवय. नाहीतर वजनाला घाम लागतो."

"आणि बोटांच्या नुसत्या टोकांनी धरल्यात. परत धरून दाखवा बघू एक."

काटेसाहेबांनी धरून दाखवली आणि कारणही सांगितलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या जुन्या साहेबांनी त्यांच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं की, पितळेच्या प्रमाण वजनाला तळहात लावायचा नाही. घाम लागला की पितळ झिजतं, आणि वजन झिजलं की न्याय झिजतो. लहान वजनं चिमट्याने, मोठी बोटांच्या टोकांनी. वीस किलोचं वजन लोखंडी, त्याला चांगली मजबूत मूठ असते, त्याला हा नियम नाही. पण तीस वर्षं बोटांना तो फरक कोणी सांगितलाच नव्हता.

"अहो काका," कोचबाईंनी कपाळाला हात लावला, "ताकद आहे तुमच्यात. तुम्ही धरतच नाही! विंचू उचलल्यासारखं उचलता. पूर्ण हात लावा. बोटं चारी बाजूंनी वळवा, अंगठा वरून आवळा, आणि मग उचला. संशय नंतर घ्या."

बोलणं सोपं होतं. तळहात दांड्याला लागला की काटेसाहेबांची बोटं आपोआप उघडत, कोणी पट्टी उगारली असावी तशी. घरी येऊन त्यांनी हे पत्नीला सांगितलं, आणि इतके दिवस 'हं'वर भागवणारी पत्नी खुर्ची ओढून समोर बसली.

"मग मला काय नवीन सांगता? रस्ता ओलांडताना माझा हातसुद्धा दोन बोटांनीच धरता तुम्ही. सव्वीस वर्षं. मला वाटायचं, यांना चारचौघांत लाज वाटते."

"छे! लाज कसली?"

"मी काही पितळेची नाही. घाम लागला तर झिजणार नाही."

काटेसाहेबांना खरोखर वाईट वाटलं, आणि त्यात संशयाचा कणही नव्हता, म्हणून ते जास्तच टोचलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं फिरायला निघू लागले. पत्नीचा हात पूर्ण मुठीत, अंगठा वरून. पहिल्या दिवशी ती तीनदा "जरा हळू" म्हणाली. चौथ्या दिवशी म्हणाली नाही. समोरून येणाऱ्या पोस्टमास्तरांच्या भुवया वर गेल्या, पण त्या बाबतीत सोसायटीचा काही नियम नव्हता.

जिममध्येही बोटं हळूहळू ऐकू लागली. लटकणं तीस सेकंदांवर गेलं. सहा दिवसांनी शंभरीही परतला, साध्या बनियनमध्ये, आणि काटेसाहेबांच्या शेजारी येऊन घुटमळला. "काका, काटा आणाल का उद्या? छोट्या प्लेटा लावून बरोबर शंभर करायचेत." काटेसाहेबांनी या खेपेला घरचा काटा आणला आणि ग्रॅमागणिक वजन जुळवून दिलं. बार गुडघ्यापर्यंत आला आणि पडला. "नव्याण्णव करू?" त्यांनी हळूच विचारलं. "नाही," शंभरी म्हणाला, "खरेच शंभर राहू द्या." काटेसाहेबांना तो एकदम आवडला.

परीक्षेच्या दिवशी कार्यालयाच्या आवारात साहेब, एक डॉक्टर आणि एक कारकून टेबल मांडून बसले होते. पन्नाशीपुढचे निरीक्षक एकूण सात. आलेले काटेसाहेब एकटेच. झालं! म्हणजे सापळा फक्त आपल्यासाठीच होता! त्यांनी ताबडतोब दोन्ही वजनांवरचे पडताळणीचे शिक्के पाहिले. मग दोन्ही वजनं काट्यावर ठेवायला लावली. मग विचारलं, "सर, पाऊल म्हणजे नेमकं किती?"

"अहो, चाला ना तुम्ही!" साहेब म्हणाले.

काटेसाहेबांनी वाकून दोन्ही मुठी धरल्या. पूर्ण तळहात, बोटं वळवलेली, अंगठा वरून. दहा पावलं सहज गेली. वीसला खांदे भरून आले. पंचविसाव्या पावलावर डावी करंगळी सुटू लागली, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तळघरातली किल्ली नाचली. त्यांनी दात आवळले. सत्तावीस, अठ्ठावीस. तीस झाली तरी त्यांना थांबवेना, आणखी आठ पावलं चालून त्यांनी वजनं फुलासारखी अलगद खाली ठेवली. एकावन्नाव्या वर्षी माणसाने उड्या मारू नयेत म्हणून ते नुसते उभे राहिले, पण छाती अशी भरून आली होती की डॉक्टरांनी उगाचच नाडी बघितली.

"अभिनंदन! बाहेरचं काम तुमच्याकडेच राहील," साहेबांनी हात पुढे केला. काटेसाहेबांनी तो असा दाबला की साहेबांना डाव्या हाताने चष्मा सावरावा लागला. कारकुनाने तीन प्रती पुढे सरकवल्या. काटेसाहेब एरवी धोब्याची चिठ्ठीही मागून-पुढून वाचत. पण आनंदाच्या भरात त्यांनी तीस वर्षांत प्रथमच, एक अक्षरही न वाचता, ठोकून सही केली.

घरी आल्यावर त्यांनी आपली प्रत मोठ्या ऐटीत पत्नीपुढे धरली. "वाच. मोठ्याने."

"'इतर सहा निरीक्षकांनी वैद्यकीय दाखले सादर करून अभिलेख कक्षातील बैठे काम मागून घेतले असल्याने,'" पत्नी वाचू लागली, "'त्या सहाही विभागांतील वजने वाहून नेण्याचे व तपासणीचे काम, स्वतःच्या विभागाव्यतिरिक्त, खाली सही करणारे निरीक्षक स्वखुशीने स्वीकारीत आहेत.'"

काटेसाहेब खुर्चीत बसले. सहा जण पंख्याखाली! आणि सात बाजारांची वजनं एका माणसाच्या दोन हातांत! जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी संशय घेतला, यादी केली, पत्नीला पेन्सिलीने लिहिलं. फक्त अभिलेख कक्ष कोणाला हवाही असू शकतो, हे त्यांच्या मनात आलं नाही.

"मला तेव्हाच संशय आला होता," ते म्हणाले.

"कधी?"

काटेसाहेबांनी एकदम सावरून हात पुढे केला. "आण इकडे. घाईत, थरथरत्या हाताने केलेली सही. म्हणता येईल की माझी नाहीच ही. माझी सही अशी वेडीवाकडी कुठे असते?"

पत्नीने कागद उजेडात धरला. सही अशी दाबून केलेली होती की अक्षर न् अक्षर मागच्या बाजूने उठून आलं होतं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भक्कम सही होती ती, आणि ती तीन प्रतींत होती.